मिठावरची हाक

भामाबाई दिसायच्या आधी ऐकू येते. घाटनांदूरच्या बाहेर, रेल्वेच्या रुळापलीकडच्या माळावर दिवस कलायला लागला की आधी आवाज यायचा, मग काठी खांद्यावर आडवी टाकून चालणारी भामाबाई, आणि तिच्या मागं माना खाली घालून, धूळ उडवत सत्तर-बहात्तर मेंढरं. आवाज खर्जातून निघायचा, मध्येच फुटल्यासारखा वर जायचा आणि शेवटी एक छोटासा हेलकावा घेऊन थांबायचा. त्या हेलकाव्यावर रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा नकळत मागं वळून बघायचा. निदान गेल्या कार्तिकापर्यंत तरी असंच होतं.

ही हाक तिला कुणी शिकवली नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती सोळाची होती आणि सासरची मेंढरं तिला ओळख देत नव्हती. सासू सुंदरबाई पुढं चालायची आणि ही मागं, असं एक वर्ष गेलं. सासूची हाक हिनं हुबेहूब काढून पाहिली, तर मेंढरांनी कान हलवले आणि चरायला लागली. तेव्हा सुंदरबाईनं सांगितलं, "माझी हाक माझ्यासंगं जाईल. तू तुझी काढ. पर एक ध्यानात ठेव, रिकामी हाक मारायची न्हाई. हाक मारली आन् आली, तर काहीतरी दिलंच पायजे. मीठ दे, पानी दे, न्हाईतर वाघरीत घेऊन चल. आलेल्याला तसंच परत पाठवलं, तर तिसऱ्या खेपंला ते येत न्हाई."

वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायचं दोरीचं जाळं. मीठ म्हणजे खडेमीठ, ते भामाबाईच्या कमरेच्या पिशवीत असायचं. चाळीस वर्षं हा व्यवहार चालला. नवरा बंकट गुडघे धरल्यापासून घरी बसला, मुलगा सोमनाथ तिच्यासोबत फिरायला लागला, पण हाक तिचीच राहिली. सोमनाथला हाक जमली नाही. तो शिटी मारायचा आणि शिव्या द्यायचा, आणि मेंढरं दोन्हीकडं सारखंच लक्ष द्यायची.

दर उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, गावातला शेतकरी धर्मराज आपल्या रानात भामाबाईची मेंढरं बसवतो. सात-आठ दिवस मेंढरं रात्री तिथं बसली की रानाला खत मिळतं आणि हिला धान्य. ही पद्धत धर्मराजच्या वडलांपासूनची. त्याची मुलगी ऋतुजा लहानपणी परकरात असायची आणि कोकरं उराशी धरून पळायची. तीच ऋतुजा आता पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये जाडजूड तारांचं गिटार वाजवते. बँडचं नाव 'निळी बाभूळ'. "बाभळ कदी निळी असती का गं?" असं भामाबाईनं विचारलं, तर ऋतुजा म्हणाली, "आमच्या गाण्यात असती, मावशी."

गेल्या वर्षी चैत्रात ती बँडमधल्या अभिमन्यूला घेऊन गावी आली. अभिमन्यू पिवळ्या काचांचा चष्मा घालणारा, बोलायला मऊ आणि उन्हानं लाल झालेला. त्याच्या हातात आवाज टिपायचं यंत्र होतं आणि यंत्राच्या तोंडाला वारा अडवायला राखाडी केसाळ टोपी घातलेली. भामाबाईनं ती टोपी चिमटीत धरून पाहिली.

"लोकर बरी हाय. कातरायची कवा?"

सोमनाथ हसला, ऋतुजा हसली. अभिमन्यूला कळायला जरा वेळ लागला, मग तो सगळ्यांत जास्त हसला.

त्यांचा पहिला अल्बम तयार होत होता. ऋतुजानं जमेल तसं समजावलं. यांच्यामागं कंपनी नाही, गाणी यांची, खर्च यांचा, म्हणून याला इंडी म्हणतात. आणि गाण्याची जात सायकेडेलिक रॉक.

"म्हंजे?"

"म्हंजे एकच ठेका लांबत लांबत जातो, आवाजावर आवाज चढतात, आन् ऐकणाऱ्याचं डोकं जागचं हलतं."

"म्हंजे आमच्या ढोलावानी. अंगात येतं का?"

"येतं की एखाद्याच्या."

"मग ठीक हाय," भामाबाई म्हणाली. एवढ्यावर तिला तो विषय समजला, आणि मला वाटतं, तो पुष्कळांपेक्षा बरा समजला.

अभिमन्यूला तिची हाक हवी होती. दुपारचे तीन वाजले होते, वारा पडलेला होता, आवाज स्वच्छ आला असता. तो म्हणाला, "आत्ता एकदा माराल का? फक्त एकदा."

"आत्ता मारली तर येतील की ती."

"मग येऊ दे ना."

"आल्यावर काय दिऊ? आत्ताच तर पानी पाजलंय. मीठ सांजंचं असतंय."

"पण नुसतं रेकॉर्डिंगसाठी…"

"त्यास्नी काय ठाव, कशासाठी ते?"

ऋतुजानं त्याला खूण केली आणि दोघं बांधावर दोन तास बसून राहिले. दिवस कलला तेव्हा भामाबाई उठली, पदर खोचला, आणि नेहमीसारखी हाक मारली. मेंढरं आली, मीठ चाटलं, वाघरीत गेली. अभिमन्यूनं कानावरचे हेडफोन काढले तेव्हा त्याचा चेहरा देवळातून बाहेर आलेल्या माणसासारखा झाला होता. त्यानं आणखी एकदा मारायची विनंती केली. भामाबाईनं नुसतं वाघरीकडं बोट दाखवलं. सगळी आत होती. आता कुणाला बोलवायचं?

मग पावसाळा आला आणि गेला, भामाबाई हे सगळं विसरली. कार्तिकातल्या एका शुक्रवारी सोमनाथ मोबाइल नाचवत माळावर आला.

"माय, अल्बम आला!"

"कुठाय?"

"ह्याच्यात."

"कॅसेट?"

"कॅसेट कुठली आता? जगात जेवढे नवे अल्बम निघतेत तेवढे शुक्रवारी मोबाइलवर पडतेत. एकाच दिवशी समदे."

"शुक्रवारीच कावून?"

सोमनाथनं गाणं लावून आवाज मोठा केला. अल्बमचं नावच 'वाघर' होतं. सात गाणी, एक्केचाळीस मिनिटं. त्यातलं सहावं अकरा मिनिटांचं, आणि त्यात चार मिनिटं नुसती गिटारं एकमेकांभोवती फिरत होती. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठावेत तसे सूर लांब जात होते आणि परत येत होते. मग ढोल. मग भामाबाई.

आपला आवाज तिनं पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. हाक एकदा आली, मग तिच्याच मागं तीच हाक आली, मग दहा भामाबाया दहा टेकड्यांवर उभ्या राहून एकमेकींना हाका मारतायत असं झालं. ती काठीवर हनुवटी टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"कसं वाटलं?"

"बरं हाय. पर लवकर संपलं."

"अकरा मिनिटांचं हाय माय! लोक म्हंतेत लई लांबलंय."

"आमचे लोक ओवीला बसले म्हंजे अकरा मिनटात नमनबी होत न्हाई."

एवढं बोलून ती वळली तेव्हा तिला दिसलं की मेंढरं आली होती. चाळीसेक मेंढरं सोमनाथच्या हातातल्या मोबाइलभोवती गोळा होऊन, माना वर करून उभी होती. सोमनाथ पोट धरून हसला. भामाबाईनं पिशवीत हात घातला आणि एकेकीला मीठ दिलं. हाक मारली तशी देणं आलं.

तिथून पुढं जे घडलं त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सोमनाथला आईचा अभिमान वाटला, एवढंच. त्यानं हातात मावणारा एक स्पीकर घेतला. चहाच्या टपरीवर गाणं वाजलं, पाहुणे आले की वाजलं, माळावर कुणी भेटलं की वाजलं. मेंढरं स्पीकरकडं धावत येतायत याचा व्हिडिओ निघाला आणि तो ऋतुजापर्यंत पोचला. तिनं उलट लिहिलं, 'आमचे सगळ्यात चांगले श्रोते!' पुण्यातल्या कुणीतरी अल्बमवर लेख लिहिला, तोही सोमनाथनं आईला वाचून दाखवला. त्यात 'एका अनोळखी मेंढपाळ स्त्रीचा आदिम स्वर' असं होतं.

"अनोळखी कुनाला?" भामाबाई म्हणाली. "ऋतुजा वळखती की मला."

"अल्बमवर तुझं नाव हाय माय. लिहिणाऱ्यानं बघितलं न्हाई."

"मग त्येला काय वळखीचं असनार?"

पहिल्या दिवशी तिनं मीठ दिलं, दुसऱ्या दिवशी दिलं. तिसऱ्या दिवशी पिशवी दुपारीच रिकामी झाली. तिनं सोमनाथला सांगितलं, "बास कर आता. रिकाम्या हाका झाल्यात."

"अगं, ही हाक कुठं हाय? गाणं हाय हे."

"ते तुला कळतंय."

त्यानं मान हलवली आणि तिच्यासमोर लावणं बंद केलं. ती पाण्याला गेली, बाजाराला गेली, की मित्र म्हणायचे, "लाव बे, ते मेंढराचं लाव," आणि तो लावायचा. मेंढरं यायची, उभी राहायची, वाट बघायची आणि परत जायची. आठ दिवसांनी निम्मी यायला लागली. पंधरा दिवसांनी नुसतीच मान वर करायची. मग तीही नाही. सोमनाथला वाटलं, मेंढरं गाण्याला सरावली, बरंच झालं.

भामाबाईच्या लक्षात आलं ते एका संध्याकाळी. तिनं हाक मारली आणि वीसेक मेंढरं आली. बाकीची दोन-तीन हाकांनंतर, तीही काही कामासाठी आल्यासारखी. तिनं स्वतःलाच समजावलं की यंदा चारा बरा आहे, पोट भरलेलं आहे. दुसऱ्या संध्याकाळी पंधरा आली. तिनं सोमनाथकडं पाहिलं. तो काठीनं जमिनीवर रेघा मारत होता.

पौषात एकदा मेंढरं रुळाच्या कडेच्या नाल्यात उतरली. तिथं ओलाव्यानं हिरवं राहिलेलं असतं आणि मेंढरांना ते दुरून कळतं. असं चाळीस वर्षांत शंभरदा झालं असेल. भामाबाई कधी पळाली नव्हती. जागेवरून हाक मारायची आणि सगळी वर यायची. दुपारच्या गाडीची वेळ झाली होती. चारदोन मेंढरं नाल्यातून पलीकडं, रुळाच्या खडीवर चढली आणि त्यांच्या मागं बाकीची निघाली. भामाबाईनं हाक मारली.

एकही मान वळली नाही.

तिनं पुन्हा मारली. लांबवर गाडीचा भोंगा वाजला. कळपातून एकच मेंढी बाहेर पडली, डावा कान फाटलेली, दात पडत आलेली म्हातारी. तिला सगळे कानतुटी म्हणत. ती तेवढी पाय ओढत, नाला चढून, भामाबाईच्या दिशेनं चालत आली. मग भामाबाई पळाली. सोमनाथ दुसऱ्या बाजूनं पळाला, त्यानं दगड मारले, फेटा सोडून फिरवला, नरडं फाटेस्तोवर ओरडला. मेंढरं बिचकून दोन्हीकडं फुटली आणि बहुतेक सगळी वाचली.

दोन गेल्या. त्यातली एक गाभण होती.

गाडी निघून गेल्यावर सोमनाथ खडीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडला. झालेल्या गोष्टीशी भामाबाई भांडत नाही, तिचा स्वभावच तसा. तिनं आधी बाकीची मोजली. मग तिला आठवलं की कानतुटी अजून जिथं आली होती तिथंच उभी आहे. ती परत गेली, पिशवीत हात घातला आणि तिला मीठ दिलं.

त्या आठवड्यात सोमनाथनं स्पीकर कुणाला तरी देऊन टाकला आणि ऋतुजाला फोन लावला. बोलता बोलता त्याला बोलवेना, तेव्हा फोन भामाबाईनं घेतला. पलीकडं ऋतुजा रडत होती.

"मावशी, मी ते गाणं काढून टाकते. आजच. सगळीकडून काढते."

"तू काढलंस तर मेंढरं इसरतील का?"

"नाही," ऋतुजा म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे. चांगलं हाय गाणं."

हाक गेली होती, हे तिनं त्या फोनच्या आधीच स्वतःशी ठरवून टाकलं होतं. आता नवी काढायची. वय छप्पन. सोळाव्या वर्षी हे काम सोपं नव्हतं आणि आता तर मेंढरांच्या मनात आधीची अढी होती. तिनं आठ दिवस शिटी मारून पाहिली. पुढचे दोन दात नसल्यानं शिटी बाजूनंच निसटायची, आणि घरी बंकट बाजेवरून म्हणायचा, "कुकरला शिट्टी झाली का गं?" तिनं ती सोडली. पितळी तांब्यावर खडा वाजवून पाहिला, तर वाऱ्यात तो ऐकू जाईना. शेवटी आवाजच वापरायचा ठरला, पण जुन्या हाकेचा त्यात एक कणही यायला नको होता. घसा चाळीस वर्षांच्या वाटेनंच जायचा आणि ती मध्येच स्वतःला थांबवायची. सोमनाथ सांगतो, त्या दिवसांत ती भाकरी करताना, पाणी शेंदताना स्वतःशी हळू आवाजात काहीतरी पुटपुटायची आणि मान हलवून नाही म्हणायची.

हाक सापडली तेव्हा ती मोठ्या मेंढरांकडं गेलीच नाही. पौष-माघात जन्मलेली अठरा कोकरं होती. त्यांनी ना गाणं ऐकलं होतं ना जुनी हाक. त्यांच्याशी कुणी खोटं बोललं नव्हतं. तिनं त्यांना वेगळं काढलं आणि नवी हाक मारून ओंजळीत कोवळा पाला धरला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कोकरं उड्या मारत यायला लागली. मग तिनं त्यांना आयांमध्ये सोडलं आणि हाक मारली. कोकरं धावली. कोकरांच्या मागं, ओरडत, त्यांच्या आया धावल्या. आयांच्या मागं बाकीची काय चाललंय ते बघायला आली. भामाबाईनं एकेकीला मीठ दिलं. एकही हाक रिकामी गेली नाही, आणि फाल्गुनापर्यंत कळप तिच्या मागं चालायला लागला. फक्त कानतुटीला नवी हाक कळली नाही. ती बाकीच्यांना बघून यायची, सगळ्यात शेवटी.

चैत्रात मेंढरं पुन्हा धर्मराजच्या रानात बसली. ऋतुजा आणि अभिमन्यू आले. ऋतुजा आल्या आल्या पाया पडली आणि बराच वेळ भामाबाईचा हात सोडेना. अभिमन्यूनं पिशवीतून एक मोठी चौकोनी वस्तू काढली. अल्बम आता काळ्या तबकडीवर निघाला होता. मोजक्याच प्रती काढल्या होत्या, जपून ठेवणाऱ्या लोकांसाठी. वेष्टनावर दोरीच्या जाळ्याचं चित्र होतं आणि पाठीमागं, पहिल्याच ओळीत, 'हाक : भामाबाई, घाटनांदूर.' सोमनाथनं ते मोठ्यानं वाचलं.

"हां," भामाबाई म्हणाली. "आता अनोळखी न्हाई."

तबकडी हातात धरून तिनं उलटसुलट केली. "हे कशावर वाजतंय?"

"त्यासाठी वेगळं यंत्र लागतं."

"म्हंजे इथं वाजनार न्हाई?"

"नाही."

"मग चांगलं केलं."

अभिमन्यूनं चहा संपवला आणि जरा घुटमळून विचारलं, "मावशी, नवीन अल्बमचं काम चाललंय. तुमची नवी हाक…"

"अभि!" ऋतुजा म्हणाली.

"इचारू दे की. इचारायला काय हाय?" भामाबाई त्याच्याकडं वळली. "ती न्हाई मिळायची. जुनी घ्या. जुनी आता तुमचीच हाय. पायजे तितकी वाजवा."

मग तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं रानाकडं पाहिलं. मेंढरं बांधापर्यंत पसरली होती, कोकरं आता अंगानं भरली होती. फाल्गुनापासून एक गोष्ट तिला झोपताना-उठताना टोचत होती. ही मेंढरं नव्या हाकेला येतायत, पण जुनी त्यांच्या मनातून खरंच गेली का? उद्या कुणी रस्त्यानं जाताना गाडीत ते गाणं लावलं आणि ती अर्धी तिकडं, अर्धी इकडं झाली तर?

"लावा," ती म्हणाली.

"काय?"

"ते गानं. मोट्यानं लावा."

सोमनाथ उठून उभा राहिला. "माय, नको."

"तू बस खाली."

अभिमन्यूनं ऋतुजाकडं पाहिलं. ऋतुजानंच आपला मोबाइल काढला, अभिमन्यूच्या पिशवीतल्या स्पीकरला जोडला आणि सहावं गाणं लावलं. गिटारं सुरू झाली. चार मिनिटं नुसती तीच होती. ढोल आला. भामाबाई मेंढरांवर नजर ठेवून उभी होती, काठी घट्ट धरून.

मग तिचा आवाज रानभर झाला. एकदा. दुसऱ्यांदा. दहा टेकड्यांवरून.

एकाही मेंढराची मान वर झाली नाही. ती चरत राहिली. एका कोकरानं कान झटकला, तो माशीसाठी. भामाबाईनं श्वास सोडला तो सोमनाथला ऐकू आला.

आणि तेवढ्यात बांधाच्या टोकाकडून, कळपाच्या मागून, कानतुटी निघाली. रमतगमत नाही, तिला जमेल तेवढ्या घाईनं. मेंढरांमधून वाट काढत, एक पाय ओढत ती स्पीकरपाशी आली, तिथं थांबली आणि मान वर करून उभी राहिली.

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमन्यूनं गाणं बंद करायला हात पुढं केला.

भामाबाईनं कमरेची पिशवी सोडली, त्यातले चार खडे काढले आणि ऋतुजाच्या तळहातावर ठेवले.

"हाक तुमची," ती म्हणाली. "मीठ तुमी द्या."

ऋतुजा ढेकळांत गुडघे टेकून बसली आणि तिनं हात पुढं केला. कानतुटीनं आधी वास घेतला, मग खरबरीत जिभेनं सावकाश चाटायला लागली. गाण्यात आणखी चार मिनिटं शिल्लक होती. अभिमन्यूचा हात अजून स्पीकरवरच होता.

"ऱ्हाऊ द्या," भामाबाई म्हणाली, "तिचं खाऊन होऊस्तोवर."